प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्याला खेळणे म्हणून हिणवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रंकाळ्याच्या कठड्यावर, पंचगंगेच्या घाटावर आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याच्या तटावर हातात प्लॅस्टिकचा हलका कॅमेरा घेऊन फिल्मवर छायाचित्रे काढणारी तरुण मुले-मुली अलीकडे अधूनमधून दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी बोलताना वडीलधाऱ्यांचा जो सूर लागतो तो मला पटत नाही, म्हणून हे पत्र. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा मोबाईल असताना हे खेळणे कशाला, पैसे जास्त झाले की असले नाद सुचतात, चार महिन्यांत हौस फिटेल, असे शेरे मी चहाच्या गाड्यावरही ऐकले आहेत आणि छायाचित्रणाच्या व्यवसायातील माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहेत. मी कोल्हापुरातील एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये उमेदीची सारी वर्षे काढली. रोल धुणे, निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणे, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठे करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, प्रिंट काढणे हे माझे पोटापाण्याचे काम होते आणि त्यावर माझे प्रेमही होते. त्या अनुभवाच्या आधारे मला असे म्हणायचे आहे की, छायाचित्र कसे घडते हे डोळ्यांनी पाहता यावे आणि हातांनी चाचपून कळावे इतका साधा कॅमेरा आज यांच्याखेरीज फारसा उरलेला नाही, आणि या मुलांना लागलेली ओढ मुख्यतः त्या साधेपणाची आहे.

या कॅमेऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. हाँगकाँगमधील कौलून भागातल्या ग्रेट वॉल प्लॅस्टिक फॅक्टरीने १९६० च्या दशकात 'डायना' नावाचा कॅमेरा काढला. त्याचा सांगाडा प्लॅस्टिकचा होताच, पण भिंगही प्लॅस्टिकचेच होते. १२० या मापाच्या रुंद फिल्मच्या रोलवर त्यातून सोळा लहान चौकोनी चित्रे निघत. तो घाऊक भावाने परदेशी जाई, निरनिराळ्या नावांनी विकला जाई आणि अनेकदा जत्रेतील बक्षीस म्हणून वाटलाही जाई. १९७० च्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. 'होल्गा' त्यानंतरचा. हाँगकाँगच्याच टी. एम. ली यांनी १९८१ मध्ये त्याची रचना केली आणि १९८२ मध्ये तो बाजारात आला. चीनमधील सामान्य कामगाराच्या कुटुंबाला परवडावा, लग्नकार्यात आणि सहलीत वापरता यावा असा घरगुती कॅमेरा देणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तेथे त्या काळी १२० चा कृष्णधवल रोल सहज मिळत असल्यामुळे तो त्या रोलसाठी बनवला गेला. थोड्याच काळात ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी चीनची बाजारपेठ व्यापली आणि होल्गाला खरे चाहते मिळाले ते दूरच्या देशांतील छायाचित्रकारांमध्ये. २०१५ च्या अखेरीस त्याचे उत्पादन बंद झाले, ते २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले. डायनाची नवी आवृत्ती त्याआधीच, २००७ मध्ये, व्हिएन्नाच्या लोमोग्राफी या कंपनीने आणली होती. किंमत कमी, म्हणून यांना खेळणे हे नाव चिकटले. होल्गाच्या बाबतीत तरी ते अन्यायाचे आहे.

होल्गाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्या वर सरकवून त्याची पाठ काढली की सगळा कॅमेरा समोर दिसतो. पुढे एक भिंग, त्यामागे स्प्रिंगवर चालणारे एक पाते, म्हणजे शटर, मग काळी पोकळी आणि रोल ठेवण्यासाठी दोन बाजूंना दोन खण. बॅटरी नाही, प्रकाश मोजणारा मीटर नाही, पडदा नाही. अंतर जुळवण्यासाठी भिंगाच्या कडीवर चार चित्रे कोरलेली असतात: एक माणूस, तीन माणसांचे कुटुंब, माणसांचा मोठा गट आणि डोंगर. एक मीटर, दोन मीटर, सहा मीटर आणि त्यापलीकडचे सारे, असा त्यांचा अर्थ. नंतरच्या होल्गांवर 'बी' नावाची एक कळ आहे. ती लावली की बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे राहते. माझी प्रत्येक विज्ञान शिक्षकाला विनंती आहे की, त्यांनी एकदा तरी रिकाम्या होल्गाची पाठ काढून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवावा, शटर उघडे धरावे आणि डोक्यावर काळे कापड घेऊन मुलांना त्यात पाहायला सांगावे. खिडकीबाहेरचा रस्ता, रिक्षा, झाड, शाळेचे फाटक, सारे उलटे आणि रंगीत होऊन त्या कागदावर उतरलेले दिसते. आठवीच्या मुलांना मी ते दाखवले आहे. पुस्तकातील किरणाकृती पाठ असलेली मुलेसुद्धा ते पाहून गप्प होतात आणि मग एकदम प्रश्नांची सरबत्ती सुरू करतात. हे सगळे पंधरा-वीस हजारांच्या मोबाईलमधून शिकवता येत नाही, कारण तो उघडता येत नाही, आणि उघडला तरी त्यात बोट ठेवून 'हे इथे घडते' असे म्हणता येईल असे काही हाती लागत नाही.

त्या चित्रांचे वेगळेपण कशातून येते हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात गूढ काही नाही. महागड्या कॅमेऱ्याच्या भिंगात काचेचे अनेक तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याचा दोष भरून काढत असतो. होल्गात एकच भिंग आहे. एकाच भिंगाने पडणारी प्रतिमा सपाट नसते, ती वाटीच्या आतल्या अंगासारखी किंचित वळलेली असते. फिल्म मात्र सपाट ताणलेली असते. त्यामुळे मधला भाग बऱ्यापैकी रेखीव येतो आणि कडेकडे जाताना रेघा सैल होऊन पसरू लागतात. तिरप्या येणाऱ्या किरणांपैकी थोडेच कोपऱ्यापर्यंत पोहोचतात, म्हणून चारही कोपरे काळवंडतात. निरनिराळे रंग भिंगातून निरनिराळ्या प्रमाणात वाकतात, म्हणून उन्हात चमकणाऱ्या वस्तूंच्या कडेला रंगाची पुसट झालर दिसते. म्हणजे ज्याला आपण त्या कॅमेऱ्याचा 'लूक' म्हणतो तो प्रकाशशास्त्राचा धडा आहे, आणि त्यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मोबाईलमध्ये भिंगाचे असे दोष गणिताने पुसून टाकले जातात आणि नंतर हवे असल्यास तेच दोष फिल्टर म्हणून वर लावता येतात. चित्र वरवर सारखे दिसेलही, पण फिल्टर लावणाऱ्याला कोपरे काळे का होतात हे कधी कळणार नाही आणि कळण्याची गरजही वाटणार नाही.

प्रकाशाचे गणित हा याहून मोठा लाभ आहे. होल्गाचे शटर साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके उघडते आणि ते बदलता येत नाही. भिंगातून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या मापासाठी ऊन आणि ढग अशी दोन चिन्हे आहेत. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तर ती कळ कुठेही सरकवली तरी छिद्रात फरकच पडत नसे. याचा अर्थ, चित्र नीट यायचे असेल तर योग्य फिल्म आणि योग्य प्रकाश निवडणे एवढेच छायाचित्रकाराच्या हातात राहते. आमच्या पिढीला तोंडपाठ असलेला एक नियम आहे: स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ या लहान मापाचे ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्याइतका धरावा; १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. या नियमाने पाहिले तर कोल्हापूरच्या मार्च महिन्यातील दुपारी १०० आयएसओची फिल्म होल्गाला जवळजवळ जुळते, तर ४०० ची फिल्म बरीच जास्त उजळते. सुदैवाने निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश पुष्कळ सोसते. तिला सोसत नाही तो कमी प्रकाश. म्हणून आषाढात, पंचगंगा भरून वाहत असताना आणि आभाळ खाली उतरलेले असताना, ४०० ची फिल्म घालूनही निगेटिव्ह पातळ येते. महाद्वार रोडवर दुपारी एका बाजूची दुकाने उन्हात आणि दुसऱ्या बाजूची गडद सावलीत असतात, तेथे कोणत्या बाजूला उभे राहायचे हे ठरवल्याशिवाय बटण दाबून उपयोग नाही.

किरणोत्सवाच्या दिवसांत अंबाबाईच्या मंदिरात मावळतीचे किरण किती पुढे आले, ढग आडवे आले का, हवेतील धुळीने आणि बाष्पाने त्यांची तीव्रता कमी पडली का, याची चर्चा सारे शहर करते. प्रकाशाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या गावाला मुलांनी प्रकाश वाचायला शिकावे ही गोष्ट परकी वाटू नये. मीटर नसलेला कॅमेरा हातात आला की आठ-दहा रोलनंतर डोळाच मीटर होऊ लागतो, असा माझा अनुभव आहे, आणि तो डोळा पुढे कोणत्याही कॅमेऱ्यामागे उपयोगी पडतो.

आमच्या पेठेतील एका महाविद्यालयीन मुलीने गेल्या हंगामात कागल भागातील एका गुऱ्हाळावर होल्गाने काढलेली काही चित्रे माझ्याकडे धुवायला आणली होती. चुलवाणावर काहील, तिच्यातून उठणारी वाफ, वाफेच्या मागे रस ढवळणारा गुळव्या आणि उघड्या छपरातून बाजूने आत आलेले सकाळचे ऊन. गुळव्याचा चेहरा आणि हातातला दांडा रेखीव आहेत. काहिलीच्या कडा, पाचटाचा ढीग आणि मागची माणसे विरघळत गेली आहेत. याच जागेची मोबाईलची चित्रेही तिने दाखवली. त्यांत प्रत्येक पाचट मोजता येते, छपराच्या पत्र्यावरील गंज दिसतो, मागच्या ट्रॅक्टरच्या पाटीवरचा क्रमांक वाचता येतो, पण नजर कुठे ठरत नाही. होल्गाच्या चित्रात ती थेट माणसावर जाते. प्रत्येक विषयाला हे मानवेल असे माझे म्हणणे नाही. खासबागेच्या मैदानातील कुस्ती या कॅमेऱ्याने टिपायला जाऊ नये, पैलवान हलले की नुसते फराटे उरतील. घरातल्या समारंभात फ्लॅशशिवाय काही येणार नाही. दस्तऐवज म्हणून लागणारे चित्र याने काढूच नये. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाच्या लोटात शिरायचे असेल तर यासारखा सोबती नाही. गुलालाची बारीक पूड महागड्या कॅमेऱ्याच्या सांध्यासांध्यांत शिरते आणि दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो. होल्गा घरी आणून ओल्या फडक्याने पुसला की झाले. शिवाय या प्लॅस्टिकच्या डब्यासमोर माणसे सावध होत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. मोठी काळी लेन्स रोखली की सासनकाठी धरलेला माणूसही छाती पुढे काढतो.

या छंदातील एका प्रवृत्तीशी मात्र मी सहमत नाही. कॅमेऱ्याच्या फटींतून आत शिरलेल्या प्रकाशाचे लाल-केशरी पट्टे, ज्यांना मुले 'लाईट लीक' म्हणतात, त्यांचे फार कौतुक चालते. क्वचित एखाद्या चित्रात तो पट्टा शोभतो. प्रत्येक चित्रात तो यावा म्हणून कॅमेरा मुद्दाम उन्हात धरणे हा आळस आहे, कारण त्या पट्ट्यात छायाचित्रकाराने पाहिलेले काहीच नसते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी काळी चिकटपट्टी देतो. पाठीचे सांधे आणि बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या तिने बंद कराव्यात, नाहीतर ऐन वेळी पाठ निसटून पूर्ण रोल जातो. चित्राचा क्रमांक दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीवरही पट्टी लावावी आणि रोल पुढे सरकवताना सावलीत उभे राहून तेवढ्यापुरती ती उचलावी. पूर्वीच्या अनेक फिल्म्सना लाल रंग दिसत नसे, म्हणून ती खिडकी लाल काचेची असे. आजच्या फिल्मला लाल रंग दिसतो, त्यामुळे कडक उन्हात त्या खिडकीचा भरवसा नाही. रोल सैल गुंडाळला जाऊन कडेने प्रकाश खातो, त्यासाठी भरलेल्या रीळाखाली रोलच्याच खोक्याचा पुठ्ठा घडी करून बसवावा. एवढे केले की मग जे चित्र येते ते तुमचे, फटीचे नव्हे.

डबल एक्स्पोजरची गोष्ट वेगळी आहे, तिच्यावर माझा लोभ आहे. बहुतेक चांगल्या फिल्म कॅमेऱ्यांत रोल पुढे सरकवल्याशिवाय शटर पुन्हा दाबले जात नाही, अशी अडणी असते. होल्गात ती नाही. एकाच चौकटीवर दोनदा, तीनदा प्रकाश घेता येतो, आणि तो कसा साचेल हे आधी मनात जुळवावे लागते. पहिल्या वेळी जेथे आभाळ उजळ आले तेथे दुसऱ्या वेळचे काही उमटणार नाही, जेथे सावली होती तेथेच दुसरे चित्र बसेल, हे एकदा समजले की मुले जुगार सोडून विचार करू लागतात. वर उल्लेखिलेल्या मुलीने रंकाळ्यातील संध्यामठाच्या काळ्या दगडी छायेत आपल्या आजीचा चेहरा असा बसवला आहे की दोन्ही चित्रे एकाच वेळी काढली असावीत असे वाटते. संगणकावर हे मिनिटभरात होईल, हे मला माहीत आहे. पण येथे ते बटण दाबण्यापूर्वी डोक्यात व्हावे लागते.

व्यावसायिक छायाचित्रकारांनी हे कॅमेरे गांभीर्याने वापरले आहेत, हेही टीकाकारांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या नॅन्सी रेक्सरोथ यांनी १९७० च्या दशकात ओहायो राज्यातील लहान गावांची चित्रमालिका डायनावर काढली आणि ती आज छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत दाखवली जाते. वृत्तछायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात अल गोर यांचे एक चित्र होल्गाने टिपले आणि त्याला पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधील वृत्तछायाचित्रकारांच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आणि जे लोक मोबाईलच्या नावाने या कॅमेऱ्यांना हसतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: इन्स्टाग्रामचे एक संस्थापक केविन सिस्ट्रॉम विद्यार्थी म्हणून इटलीतील फ्लॉरेन्समध्ये असताना त्यांच्या शिक्षकांनी त्यांचा महागडा कॅमेरा बाजूला ठेवायला लावून हातात होल्गा दिला होता, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामवर चित्रे चौकोनीच असत आणि त्यांवर फिल्टर लावले जात. जगभरच्या मोबाईलवर पसरलेल्या त्या रूपाचे एक मूळ अशा रीतीने या प्लॅस्टिकच्या डब्यात आहे.

कोल्हापूरला तर कॅमेऱ्याच्या साधेपणाचे वावडे असण्याचे कारणच नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी आधी नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासोबत आणि १९१६ मध्ये आनंदराव गेल्यानंतर दामले यांच्यासारख्या शिष्याच्या मदतीने, सुटे भाग स्वतः घडवून चित्रपटाचा कॅमेरा याच शहरात तयार केला, आणि १९१८ पर्यंत तो चालता झाला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि पुढे तिच्याच माणसांनी १९२९ मध्ये येथे प्रभातची स्थापना केली. हा कॅमेरा त्यांना करता आला तो मुख्यतः आत काय घडते हे समजून घेण्याची जिद्द होती म्हणून. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारून आपण त्या जिद्दीचा मान राखतो. मग आज एखादा मुलगा होल्गाची स्प्रिंग सैल झाली म्हणून ती काढून, वाकवून पुन्हा बसवतो, तेव्हा त्याचे आपल्याला कौतुक वाटायला हवे. माझ्या माहितीतील दोघांनी काडेपेटीचे छिद्र-कॅमेरे, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेले कॅमेरे, करून पाहिले ते होल्गा खोलून पाहिल्यानंतरच.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांनी लक्षात घ्यावी. अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटात अ‍ॅग्फाचा 'क्लिक-थ्री' पडून आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घराचा पहिला कॅमेरा असे. शाळेच्या सहली, मुंजी, नव्या घराची वास्तुशांत, सारे त्याच्यावर टिपले गेले. त्याची जातकुळी होल्गाचीच: साधे भिंग, ठरलेले शटर, ऊन आणि ढगाची खूण, आणि एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. त्याला लागणारा १२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आपल्या एका ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणला होता आणि तो त्याच मापात आजही तयार होतो. म्हणजे आजोबांच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो. भिंगावर बुरशी नसेल, शटर टिकटिकत असेल तर तो कॅमेरा आजही चित्र देईल. १९९० च्या दशकात घरोघरी आलेला कोडॅकचा केबी-१० याला ३५ मिलिमीटरचा रोल लागतो, तोही मिळतो. म्हणून नवा कॅमेरा मागवण्यापूर्वी मुलांनी आधी घरातले कपाट उघडावे असे मी सांगतो. फॅशन म्हणून काही हजारांना विकल्या जाणाऱ्या नव्या प्लॅस्टिक कॅमेऱ्यांत क्लिक-थ्रीहून अधिक काही नाही. एकदाच वापरून टाकायचे कॅमेरे तर घेऊच नयेत. ते प्लॅस्टिक पुन्हा आपल्याच ओढ्यात येते.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळत नाही. कॅमेरा स्वस्त, फिल्म महाग अशी आज उलटी स्थिती आहे. १२० चा रोल, तो धुणे आणि स्कॅन करणे मिळून एका चित्रामागे शंभर रुपयांच्या आसपास जातात. उटकमंडची हिंदुस्तान फोटो फिल्म्स चालू होती तेव्हा तिचा 'इंदू' रोल लहान गावातल्या स्टुडिओलाही परवडत असे. आता फिल्म बाहेरूनच येते आणि तिचा भाव आपल्या हाती नाही. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: कृष्णधवल रोल घ्यावा आणि तो स्वतः धुवावा. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. टाकी, थर्मामीटर, चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते कायम करणारा हायपो, अंधारात रोल टाकीत भरण्यासाठी एक काळी चेंजिंग बॅग आणि वाहते पाणी. रंगीत निगेटिव्हला ३८ अंश तापमान काटेकोर राखावे लागते. कृष्णधवलला २० अंश पुरतात आणि थोडे इकडे-तिकडे झाले तरी वेळ कमी-जास्त करून भागते. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी त्याहून बरेच कोमट असते, तेव्हा टाकी बर्फ घातलेल्या परातीत उभी ठेवावी. पावसाळ्यात अडचण दुसरीच: फिल्म वाळता वाळत नाही आणि न वापरलेला रोल दमट कपाटात खराब होतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा.

हे सारे एकेकट्या मुलाने आपापल्या न्हाणीघरात करण्यापेक्षा एका ठिकाणी झाले तर खर्च निम्म्याने उतरेल आणि शिकणेही होईल. कोल्हापुरात कलाशिक्षणाच्या जुन्या संस्था आहेत, विद्यापीठ आहे, ग्रंथालये आहेत. त्यांपैकी एखाद्या संस्थेने आपली वापरात नसलेली एखादी खोली डार्करूम म्हणून पुन्हा उघडावी, लोकांकडून क्लिक-थ्री आणि एन्लार्जर भेट म्हणून स्वीकारावेत आणि ग्रंथालयातून पुस्तक मिळते तसा कॅमेरा आठवड्यासाठी घरी न्यायला द्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात वर्षातून एकदा केवळ अशा कॅमेऱ्यांवर काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरले तर मला फार आनंद होईल. माझा एन्लार्जर आणि ट्रे मी त्या कामासाठी द्यायला तयार आहे, आणि हात थरथरत नाहीत तोवर शिकवायलाही येईन. शहरातील माझ्या वयाच्या इतर डार्करूमवाल्यांनाही हे सांगावेसे वाटेल अशी माझी खात्री आहे, कारण आमच्यापैकी अनेकांची यंत्रे आज प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकून पडली आहेत.

शेवटी एक सूचना, जी मुलांना आजच सांगणे जरूर आहे. वापरलेला हायपो मोरीत ओतू नये. फिल्मवरील न वापरली गेलेली चांदी हायपोत विरघळून उतरते आणि ते पाणी गटारातून शेवटी पंचगंगेलाच मिळते. त्या नदीच्या प्रदूषणावर आपल्याच पानांत किती लिहून आले आहे हे मी सांगायला नको. आमच्या काळी हायपोतून चांदी काढणारे लोक स्टुडिओंच्या दारी येऊन कॅन घेऊन जात आणि त्याचे पैसेही देत. घरी रोल धुणाऱ्यांनी तो हायपो झाकणाच्या कॅनमध्ये साठवावा, त्यावर नाव आणि तारीख लिहावी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, आणि कॅन भरले की चार-पाच जणांनी मिळून चांदीच्या शुद्धीकरणाचे काम जाणणाऱ्याकडे द्यावेत. चांदीच्या कारागिरीसाठी नाव असलेली हुपरी येथून जवळच आहे. तेथील एखाद्या जाणकाराने हे काम अंगावर घेतल्यास शहरातील कॅन तेथवर पोहोचवण्याची व्यवस्था मी करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डार्करूम कारागीर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर